हंटर लटकला, निळा रंग गेला

मंडळी, पंखा पाचावर आहे आणि हंटर जागचा हलत नाही.

हे एक वाक्य लिहायला मला सव्वादोन महिने लागले. नव्यांसाठी सांगते: १९६८ मध्ये ब्रिटिश वैमानिक ॲलन पोलॉकनं हंटर हे लढाऊ जेट लंडनच्या टॉवर ब्रिजमधून, रस्ता आणि वरच्या मार्गिका यांच्या मधून, आरपार नेलं. त्या क्षणाचं छोटं मॉडेल मी करतेय. मागच्या वेळी तणतणत "टॉवर ब्रिज बंद, आता गुपचूप एक बुकानीर करते" असं जाहीर केलं होतं, ते शब्द मागे घेते. बुकानीर या दुसऱ्या विमानाच्या किटचं खोकं परत माळ्यावर गेलं.

मागची नोंद जिथे तुटली तिथूनच सुरू करू. विमान तयार होतं. १:१४४ चा, म्हणजे खऱ्याच्या एकशे चव्वेचाळिसाव्या भागाएवढा, हंटर एफजीए ९. पंखांचा विस्तार ७१ मिलिमीटर, लांबी ९७, म्हणजे तळहातावर मावणारा. वरची बाजू डार्क ग्रीन आणि डार्क सी ग्रे, दोन रंगांच्या मधली कड एअरब्रशनं एका दमात जमली. पावसाळा सुरू व्हायच्या आत ते उरकलं याचं मला फार कौतुक आहे, कारण सांगलीत जुलैमध्ये लॅकर मारलं की ते पांढुरकं होतं म्हणजे होतंच. डॉगटूथची, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेतल्या दातासारख्या खाचेची, धार काढली. शेपटीच्या नळीवरचं ब्रेक पॅराशूटचं बोंडुक नव्यानं बसवलं. आणि सॅब्रिना! तोफांच्या रिकाम्या कड्या गोळा करणारे ते दोन फुगे किटमध्ये मुरुमाएवढे होते. ते तासून टाकले आणि वितळवून ओढलेल्या स्प्रूची (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या कांड्यांना चिकटून येतात त्यांची) टोकं लावली. आता सॅब्रिना या भरदार नटीचं नाव शोभतं.

सगळं अडलं होतं ते एकाच प्रश्नावर. हे विमान हवेत धरायचं कशानं?

पहिला प्रयत्न तुम्हाला माहीत आहे. पोटाला ३ मिलिमीटरचं भोक पाडून पारदर्शक अॅक्रिलिकची कांडी, खाली नदीत रोवलेली. दुकानात ती दिसत नाही, घरी दिवा लावला की ट्यूबलाइटसारखी पेटते. शिवाय कांडीवर हंटर म्हणजे कुल्फी. दुसरा प्रयत्न पितळी सळईचा. हंटरच्या शेपटीत एव्हन या जेट इंजिनाचं एकच मोठं भोक, तिथून सळई मागच्या आकाशाच्या पडद्यात न्यायची. सळई ३० सेंटिमीटर लांब, टोकाला विमान. रात्रीत जोड सुटला. सकाळी हंटर थेम्समध्ये सापडला, डाव्या पंखाच्या टोकाची पिटो नळी (वेग मोजायची) मोडून. तिसरा, मासेमारीचा नायलॉन दोरा. त्याबद्दल एवढंच सांगते की आमच्याकडे उन्हाळ्यात पंखा बंद ठेवता येत नाही आणि ॲलन पोलॉक पाळण्यात बसला नव्हता.

इथे हिशेब सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. टॉवर ब्रिजच्या दोन मनोऱ्यांमधलं अंतर ६१ मीटर, वरच्या पादचारी मार्गिका भरतीच्या पाण्यापासून सुमारे ४२ मीटर उंच, रस्ता साडेआठ मीटरच्या आसपास. म्हणजे रस्ता आणि मार्गिका यांच्यात साधारण ३३ मीटरची खिडकी. माझ्या मापात ४२४ मिलिमीटर रुंद आणि २३० उंच. त्यात ७१ मिलिमीटरचं विमान! कागदावर बघितलं तर वाटतं, यात काय धाडस, ट्रकसुद्धा निघेल. मीही विमान अगदी मध्यावर ठेवून बघत होते आणि दर वेळी ते पार्किंगमध्ये उभं केल्यासारखं दिसायचं. ट्रकच्या मागे लिहितात तसं 'सुरक्षित अंतर ठेवा'.

मग पोलॉकची हकिगत परत वाचली. ५ एप्रिल १९६८. रॉयल एअर फोर्सला १ एप्रिलला ५० वर्षं झाली होती आणि लंडनवरून साधी विमानांची सलामीसुद्धा ठेवली नव्हती. पार्लमेंटला तीन घिरट्या घालून, एम्बँकमेंटवरच्या वायुदलाच्या स्मारकाला पंख झुकवून तो नदीच्या अंगानं निघाला, तेव्हा हा पूल त्याच्या बेतात नव्हताच. समोर आला आणि ठरलं. त्यातच पुलावरून लाल दुमजली बस चाललेली. बसपासून दूर राहायचं म्हणून तो वर सरकला, आणि वरच्या तुळया डोक्यावर आल्या तेव्हा शेपटीचा उभा पंख जातोय की काय असं त्याला क्षणभर वाटलं.

वर सरकला! इतके दिवस हेच वाक्य वाचून मी पुढे जात होते.

विमान वर घेतलं. शेपटीचं टोक तुळईपासून १५ मिलिमीटरवर, म्हणजे खऱ्या मापात सव्वादोन मीटरच्या आत. हे अंतर मी ठरवलेलं, कुणी मोजलेलं नाही. पण एकदम पोटात गोळा आला. आणि दुसरी गोष्ट लक्षात आली. विमान तुळईच्या इतकं जवळ असेल तर त्याला खालून किंवा मागून धरायचंच कशाला? दीड सेंटिमीटरची तार पुरेल, आणि तीही लोखंडी जाळीच्या पार्श्वभूमीवर हरवून जाईल.

तार कुठली? पियानो वायर मागवायची तर पाकीट महाग, त्यावर कुरिअर, त्यात आठवडा. आणि मी राहते सांगलीत, दहा किलोमीटरवर मिरज! सतारमेकर गल्लीत गेले.

"तंबोऱ्याला पाहिजे की सतारीला?"

"विमानाला."

दुकानदारांनी चष्मा वर केला, पण हसले नाहीत. "वजन किती?"

"दहा-बारा ग्रॅम."

"मग खर्जाची नको, ती पितळी. जोडीची न्या. पोलादी हाय, वाकली तर परत सरळ हुतीया."

आयुष्यात इतका नेमका सल्ला कुठल्या हॉबीच्या दुकानात मिळालेला नाही. काउंटरवर मायक्रोमीटर होता, तार ०.३ मिलिमीटरची निघाली. भेंडोळं घेऊन आले, पुढच्या दहा विमानांची सोय झाली.

आणि तरीही जमलं नाही. शेपटीच्या टोकाला एकच तार लावली आणि हंटरनं शांतपणे नाक खाली घातलं. वजन पुढे, आधार मागे, दुसरं काय होणार? तार जाड घेतली तर ती नळासारखी दिसते. बारीक घेतली तर पोलॉक दर वेळी नदीत. शेपटीत शिसं भरून बघितलं, पण एवढ्याशा नळीत मावणार किती! नाक दोन अंश वर आलं, इतकंच. त्या संध्याकाळी मी ते 'बंद' लिहिलं होतं.

उत्तर गॅलरीत मिळालं. वाळत घालायच्या दोन दांड्या असतात ना छताला? एका दांडीवर चादर टाकली की एका बाजूनं लोंबते, दोन्ही दांड्यांवर टाकली की आडवी राहते. मी हातात ओली चादर घेऊन तशीच उभी. टॉवर ब्रिजलाही मार्गिका दोन आहेत! एक पश्चिमेच्या अंगाला, एक पूर्वेच्या. पोलॉक पश्चिमेकडून पूर्वेला गेला. म्हणजे शेपूट पश्चिमेच्या मार्गिकेला टांगायचं आणि पंखांची मुळं पूर्वेच्या मार्गिकेला. मागे एक तार, पुढे दोन, तिरप्या. तिपाई झाली. तिपाई डुगडुगत नाही.

पंखांच्या मुळाशी पिन वाइसनं (हातानं फिरवायच्या बारीक ड्रिलनं) ०.३ ची भोकं पाडली; दोन भोकांना तीन ड्रिल बिट मोडले, सरासरी वाईट नाही. सुपर ग्लू वापरू नका, कॅनॉपीवर, म्हणजे वैमानिकावरच्या काचेवर, धुकं धरतं. पाच मिनिटांचं इपॉक्सी सुईच्या टोकानं. विमान थर्माकोलच्या खाचेत उलटं बसवून तारा आधी विमानाला लावल्या, वरची टोकं वाकवून आकडा केला आणि आकडा तुळईच्या आतल्या ओठावर अडकवला. तारांना काळं मॅट मार्कर. मग पंखा एकावर, दोनवर, तीनवर. पाचावर टेबलावरचे कागद उडाले. हंटर तसाच. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

आता दुःखाचा भाग, थोडक्यात, कारण फार बोलले तर रडू येईल.

पुलाच्या मार्गिका मी फाइल विकत घेऊन थ्रीडी प्रिंट करून आणल्या होत्या आणि निळ्या-पांढऱ्या रंगवल्या होत्या. तो निळा जमवायला चार वेळा मिसळला. कौतुकानं फोटो एका जाणत्या मित्राला पाठवला, तर त्याचा फोन: "अगं, निळा कुठून आणलास? हा रंग राणीच्या रौप्यमहोत्सवाचा, १९७७ चा." नऊ वर्षं पुढचा रंग! मग मी बाकीचंही तपासायला लागले आणि वाट लागली. मार्गिका १९१० मध्ये बंद झाल्या होत्या, लोकांसाठी परत उघडल्या त्या १९८२ मध्ये, काचा त्या वेळच्या. फाइलवाल्यानं आजचा पूल मोजून दिलेला. त्याच्या जाहिरातीत 'ऐतिहासिक' हा शब्द तीनदा आहे, तो कुठल्या इतिहासाचा ते त्यालाच ठाऊक. आणि सगळ्यात वर, मी पारदर्शक शीट कापून काचेची जमीन बसवली होती. ती २०१४ ची. शिवकालीन देखाव्यात विजेचा खांब उभा करावा तसं.

निळा खरवडला, काचा उपसल्या, खिडक्यांच्या जागी सनबोर्डाच्या पट्ट्यांची उघडी जाळी केली. पट्ट्या फ्लेक्सवाल्याच्या कचऱ्यातून, फुकट. परदेशी स्टायरीनच्या पट्ट्यांइतक्या कडक नाहीत, पण काजळी धरलेला पूल करायला उलट बऱ्या, कडा जरा खाल्ल्यासारख्या दिसतात. वर काळपट तपकिरी पातळ रंगाचं धुवट मारलं. नशीब, 'बेल्फास्ट' युद्धनौका अजून विकत घेतली नव्हती. ती तिथे १९७१ पासून उभी आहे. आणि टॉवर ब्रिजच्या आधी लागणारा लंडन ब्रिज तेव्हाचा, अभियंता रेनीचा, दगडी हवा. पोलॉक त्याच्यावरून गेल्यावर तेराच दिवसांनी, १८ एप्रिलला, तो पूल एका अमेरिकन माणसाला विकला गेला आणि ॲरिझोनाला पोचला. मॉडेलरला याचा फायदा एवढाच की आजचे फोटो तिथेही उपयोगाचे नाहीत.

बस मात्र आली आहे. ब्रिटिश एन गेजची (हे मॉडेल रेल्वेचं माप), ऑक्सफर्ड डायकास्टची राउटमास्टर, म्हणजे लंडनची लाल दुमजली बस. माप १:१४८ आहे, पण डोळ्याला फरक कळत नाही, आणि रंग इतका सुरेख की मी हात लावणार नाही. ती पुलावर ठेवली आणि खाली वाकून बघितलं तेव्हा एक भलतंच सुचलं.

आपण सगळे हा प्रसंग आकाशातून बघतो, पोलॉकच्या बाजूनं. मलाही तो माणूस आवडतो. कोर्ट मार्शल न करता वैद्यकीय कारण दाखवून त्याला घरी पाठवलं, म्हणजे त्याचं म्हणणं कुठे नोंदलंच जाऊ नये अशी सोय केली, हे मला पटत नाही. पण त्या बसमधल्यांना कुणी विचारलं होतं का? वरच्या मजल्यावर तिकीट हातात धरून बसलेल्या माणसाला हंटर कसा दिसला असेल?

म्हणून बेत बदलतेय, हे लिहिता लिहिताच. उघडा डायोरामा, म्हणजे देखावा, रद्द. सगळं एका काळ्या खोक्यात घालायचं आणि पूर्वेच्या बाजूला एक आडवी फट ठेवायची, बसच्या वरच्या मजल्यावरच्या डोळ्यांच्या उंचीला. फटीतून आधी बसच्या खिडक्या, मग वर बघितलं की जाळीखाली समोरून येणारा हंटर, दोन त्रिकोणी इनटेक (इंजिनाला हवा घेणारी तोंडं) आणि मध्ये नाक. तिन्ही तारा जाळीत मिसळून जातील. या उंचीवरून पाणी दिसतच नाही, म्हणजे नदी रद्द, म्हणजे दीड लिटर रेझिन ओतायचं संकट रद्द! मनोरेही अर्धेच पुरतील. इनटेकच्या आतली सावली कशी पडते ते बघायला गोव्याच्या नौदल विमान संग्रहालयातल्या सी हॉक या जेटचे फोटो आहेतच माझ्याकडे. तोही हंटरचा रचनाकार सिडनी कॅम याच्याच हाताखालचा, पंखांच्या मुळातल्या इनटेकची घडण बरीचशी तशीच. गेल्या डिसेंबरात घरचे समुद्रावर होते तेव्हा मी तिथे इनटेकमध्ये टॉर्च मारत होते, त्याचं आता चीज होईल.

आकाशाच्या पडद्याचं मात्र परत बघावं लागेल. आधीचा संध्याकाळचा आहे, आणि पोलॉक भर बाराला तिथे होता.

हे सगळं ठरवून मी फटीच्या उंचीवरून परत एकदा वर बघितलं. खालून बघणाऱ्याला हंटरचं काय दिसतं? पोट. आणि पोटात बरोबर मध्यावर काय आहे? कुल्फीच्या कांडीचं ३ मिलिमीटरचं भोक.

तिपाईवरून काढायची माझी हिंमत नाही. टांगलेल्या विमानालाच खालून टूथपिकनं पुट्टी भरली आहे. बाहेर धो धो पाऊस, दोन दिवस झाले, अजून बोट लावलं की चिकटतेय.