"मॅडम, ती मुलगीच आहे ना?"

गेल्या महिन्यात ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या संकुलात रविवारी सकाळी ५ किलोमीटरची शर्यत होती. माझ्याकडे सराव करणाऱ्या सात मुली धावल्या. त्यातली सगळ्यात धाकटी, १४ वर्षांची, तिच्या वयोगटात पहिली आली. ती अजून गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती, तेवढ्यात दुसऱ्या आलेल्या मुलीचे वडील माझ्यापाशी आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, राग मानू नका, पण ती मुलगीच आहे ना?"

केस बारीक कापलेले, खांदे रुंद, पोटऱ्या घट्ट. एवढंच कारण. पहाटे साडेपाचला मैदानावर पोचायचं तर वेण्या घालत कोण बसणार, म्हणून तिच्या आईनेच ते केस कापलेत.

मी म्हटलं, "मुलगीच आहे. आणि हा प्रश्न परत कुणाला विचारू नका." ते निघून गेले. माझे हात मात्र घरी येईपर्यंत थरथरत होते.

कारण हाच प्रश्न कधीकाळी माझ्याबद्दल विचारला गेला होता. २००३ साली, आंतरशालेय स्पर्धेत, ८०० मीटरच्या अंतिम फेरीनंतर. मी १५ वर्षांची होते, आवाज घोगरा, अंगाने काटक. दुसऱ्या एका शाळेच्या सरांनी हरकत घेतली. कुणा डॉक्टरला बोलावलं नाही, कागद मागितला नाही. एक बाई मला कपडे बदलायच्या खोलीत घेऊन गेल्या. आत काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. बाहेर आल्यावर त्यांनी नुसती मान हलवली आणि माझं पदक मला मिळालं. ते मी आजपर्यंत गळ्यात घातलेलं नाही. आईलासुद्धा ही गोष्ट लग्नानंतर सांगितली.

तीन वर्षांनी, डिसेंबर २००६ मध्ये, दोहाच्या आशियाई स्पर्धेत शांती सौंदरराजनने ८०० मीटरमध्ये रौप्य पदक मिळवलं. माझीच शर्यत. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यातली, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांची मुलगी. लिंगचाचणीनंतर तिचं पदक काढून घेतलं आणि तिच्या शरीराची चर्चा देशभर टीव्हीवर झाली. तिने कुणाला फसवलं नव्हतं. ती मुलगी म्हणून जन्मली, मुलगी म्हणूनच वाढली. मी ती बातमी लोकमान्यनगरच्या आमच्या खोलीत बघितली आणि उठून टीव्ही बंद केला.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, मी सगळ्याच नियमांच्या विरोधात असेन. तसं नाही, आणि हे सांगायलाच आज लिहायला बसले आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक ट्रान्स स्त्री, म्हणजे मुलगा म्हणून जन्मलेली पण स्त्री म्हणून जगणारी, सरावाला आली. वय २७, वागळे इस्टेटमध्ये एका पॅकिंग युनिटमध्ये काम करते, पोलीस भरतीची तयारी करायची होती. पहिल्याच दिवशी तिने स्वतःहून सगळं सांगितलं. हार्मोनचे उपचार २४ व्या वर्षी सुरू केले होते. भरतीबद्दल माझ्या मनात काही शंका नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर राज्य सरकारने भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी पर्याय ठेवला. तो तिच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे आणि त्यात मी तिच्यासोबत उभी आहे. पण काही महिन्यांनी तिने विचारलं, "ताई, रविवारच्या शर्यतीत मी बायकांत नाव देऊ ना?"

मी चार दिवस मागून घेतले.

मी ८०० मीटरची बाई आहे, म्हणून त्याच शर्यतीचं सांगते. पुरुषांचा जागतिक विक्रम १ मिनिट ४०.९१ सेकंद, डेव्हिड रुडिशाचा, लंडन २०१२. बायकांचा १ मिनिट ५३.२८ सेकंद, यार्मिला क्रातोखविलोवाचा, १९८३ पासून कुणाला मोडता आलेला नाही. दोघांना एकत्र पळवलं तर तो रेषेवर पोचेल तेव्हा ती सुमारे ८७ मीटर मागे असेल. म्हणजे शेवटचं वळण संपवून ती सरळ पट्टीवर यायच्या बेतात असेल. हा फरक मेहनतीचा नाही. मुलगा वयात येताना टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनमुळे उंची, हाडं, हृदय, फुप्फुसं, स्नायू सगळं वाढतं. नंतर औषधांनी हिमोग्लोबिन काही महिन्यांत खाली येतं, पण स्नायूंची ताकद वर्षभरानेही थोडीच उतरते, आणि लांब झालेलं हाड काही आखूड होत नाही. म्हणूनच वर्ल्ड ॲथलेटिक्स या जागतिक संघटनेने ३१ मार्च २०२३ पासून पुरुष म्हणून वयात आलेल्या ट्रान्स स्त्रियांना जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांत महिला गट बंद केला. मला तो निर्णय पटतो. महिला गट आहे म्हणून माझ्यासारखी मुलगी पदकापर्यंत पोचली. तो नसता तर मी प्राथमिक फेरीतच घरी गेले असते.

येऊरचा चढ चढताना मी तिला सांगितलं, "सराव आपला एकत्रच. पण बक्षिसाच्या शर्यतीत बायकांत नको." ती थांबली. दम लागला म्हणून नव्हे. मग म्हणाली, "पुरुषांच्या रांगेत उभी राहिले की नंबर देणारा माणूस हसतो, ताई. त्याचं काय करू?"

दोन आठवडे ती आली नाही. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उपवन तलावाच्या काठाने रोज फेऱ्या मारताना मी तोच विचार करत होते. महिला गट राखायचा तर त्याची किंमत तिने एकटीने, हसू झेलून का भरायची? शेवटी मी आयोजकांना भेटले. मागणी एकच: अर्जावर 'पुरुष गट' लिहिलंय तिथे 'खुला गट' लिहा. तीन बैठका लागल्या एका शब्दासाठी. मग मी तिला फोन केला.

८०० मीटरला सुरुवातीचं वळण प्रत्येकीने आपल्या लेनमधूनच धावायचं असतं. बाहेरच्या लेनमधली मुलगी पुढे उभी दिसते. नवीन मुली हटकून विचारतात, "ताई, ती पुढे का?" मी टेप देते आणि वळण मोजायला लावते. मोजलं की त्या गप्प होतात. महिला गटाची रेषाही अशीच मोजून आखलेली हवी. सप्टेंबर २०२५ पासून जागतिक महिला गटासाठी एसआरवाय जनुकाची, म्हणजे पुरुषी जडणघडण सुरू करणाऱ्या जनुकाची, चाचणी आली आहे, आयुष्यात एकदाच, गालाच्या आतल्या नमुन्याची किंवा रक्ताची. शांतीसारख्या, जन्मापासूनच वेगळी जडणघडण असलेल्या मुलींचं त्यात काय होणार, हे माझ्या मनाला टोचत राहतं. निदान तिथे डॉक्टर आहे, कागद आहे, दाद मागायला जागा आहे. आपल्या धावपटू द्युती चंदने २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादात दाद मागून, बायकांच्या शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनवर मर्यादा घालणारा तेव्हाचा नियम स्थगित करून घेतलाच होता. शाळेच्या, तालुक्याच्या मैदानावर यातलं काहीच नसतं. तिथे असते फक्त कुणाची तरी नजर. तिथे मुलीच्या शरीरावर शंका घ्यायचा हक्क कुणालाच नको, पालकांना नको, पंचांना नको, मलाही नको.

त्या रविवारी ते वडील माझ्याशी बोलत होते तेव्हा, येऊरच्या चढावर मला तो प्रश्न विचारणारी ती माझ्या शेजारीच उभी होती. लांब वेणी, कपाळाला टिकली, छातीवर खुल्या गटाचा नंबर. तिच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. उलट जाताना, वाट द्या म्हणून, "ताई, जरा सरकता का?" असं तिला म्हणाले.

ती सरकली. मग पुढे होऊन तिने माझ्या धाकटीच्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि खसाखसा तिचे केस पुसले.