आमची वाटचाल : कॉलमपासून कार्ट्रिजपर्यंत

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत आमची छोटी लॅब आहे. औषध कंपन्यांच्या संशोधन विभागांना लागणारी नवी संयुगं आम्ही मिलिग्रॅमपासून काही ग्रॅमपर्यंत बनवून देतो. या धंद्यात पैसे मिळतात ते शुद्धतेचे. अभिक्रिया कशी जमवली, हे गिऱ्हाईक विचारतही नाही.

आमचं घोडं अडायचं ते ट्रायफेनिलफॉस्फिन ऑक्साइड या टाकाऊ उपपदार्थापाशी. मित्सुनोबू अभिक्रियेत (अल्कोहोलच्या ओएच गटाच्या जागी दुसरा गट बसवायची पद्धत) ट्रायफेनिलफॉस्फिन वापरलं की हा पाहुणा ठरलेला. कॉलम लावला, म्हणजे सिलिकाची पूड भरलेल्या नळीतून मिश्रण सोडून घटक वेगळे केले, तरी तो फ्रॅक्शनमागून फ्रॅक्शन (गोळा केलेल्या एकेका भागात) झिरपत राहतो आणि नको तिथे मालात मिसळतो. अभिक्रिया रात्रीत उरकायची. केमिस्ट मात्र दुसरा अख्खा दिवस सिलिकापुढे उभा. एकदम वीस-पंचवीस संयुगांची ऑर्डर आली की डिलिव्हरीची तारीख सांगताना भागीदारांचा आवाज बारीक व्हायचा.

वाट सापडली शोधनिबंधांत. फ्लोरिननं भरलेले द्रव नेहमीच्या सॉल्व्हंटशीही फटकून राहतात आणि पाण्याशीही. होर्वाथ आणि राबाई या रसायनशास्त्रज्ञांनी 1994 मध्ये या गुणावर उत्प्रेरक वेगळा काढून दाखवला. पुढे अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये रसायनशास्त्रज्ञ डेनिस करन यांनी तो रोजच्या कामाचा केला : अभिकारकाला आठ कार्बनांची एक फ्लोरिनयुक्त साखळी, म्हणजे टॅग, जोडायची आणि तशाच साखळ्या चिकटवलेल्या सिलिकावरून मिश्रण न्यायचं.

करायला सोपं. मित्सुनोबूला लागणारं फॉस्फिन टॅग असलेलं वापरायचं, त्याच्या जोडीचं अभिकारक अझोडायकार्बोक्झिलेटही तसंच. क्रूड (अभिक्रियेनंतरचं कच्चं मिश्रण) थोडक्या डीएमएफ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून कार्ट्रिजवर, म्हणजे तो सिलिका भरलेल्या प्लास्टिकच्या नळीवर, घालायचं. 80 टक्के मिथेनॉल आणि 20 टक्के पाण्यानं धुतलं की आपला माल खाली येतो, टॅगवाले सगळे वर अडकून बसतात. मग शुद्ध मिथेनॉल किंवा टीएचएफ हे सॉल्व्हंट ओतलं की तेही सुटतात आणि कार्ट्रिज पुन्हा वापरता येतं. सिलिकाच्या वजनाच्या पाच-दहा टक्क्यांपेक्षा जास्त क्रूड मात्र चढवू नये. आणि कॉलम एकदम बंद होत नाही, हेही सांगितलं पाहिजे : टॅगचा कचरा निघतो, पण मालासारखीच दुसरी अशुद्धी असेल तर ती तिथेच राहते.

बँकेचे साहेब आले तेव्हा त्यांना मशीन बघायचं होतं. दाखवायला होत्या प्लास्टिकच्या नळ्या! शेवटी सेपरेटिंग फनेलमध्ये टोल्युईन, पाणी आणि परफ्लुरोहेक्झेन (फ्लोरिननं भरलेला द्रव) ओतून तीन थर दाखवले. सगळ्यात खाली परफ्लुरोहेक्झेन, पाण्याच्या दीडपटीहून जड. कर्ज मंजूर झालं. थरांमुळे की तारणामुळे, देव जाणे.

टॅग महाग, म्हणून वापरलेलं ऑक्साइड टाकत नाही. जमवून, क्षपण करून (त्यातला ऑक्सिजन काढून) पुन्हा फॉस्फिन करतो. पैशांइतकंच दुसरंही कारण आहे. हे कार्बन-फ्लोरिन बंध निसर्गात सहजी तुटत नाहीत. आठ कार्बनांच्या साखळीतून पीएफओए हे घातक, टिकाऊ रसायन बनू शकतं, आणि ते 2019 मध्ये टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. तेव्हापासून आम्ही शक्य तिथे सहा कार्बनांची साखळी घेतो. तिची पकड सैल, म्हणून धुण्याच्या मिथेनॉलमध्ये पाणी वाढवावं लागतं. तीही टिकाऊच, त्यामुळे धुण्याचं द्रावण सिंकमध्ये जात नाही. वेगळ्या ड्रममध्ये भरून तळोज्याच्या धोकादायक कचरा केंद्रात जातं. हा खर्च आम्ही कोटेशनमध्ये वेगळा दाखवतो. काही गिऱ्हाइकं कुरकुरतात.

किलोचं काम आलं तर टॅगचं नावही काढत नाही. तिथे साधं ट्रायफेनिलफॉस्फिनच वापरतो आणि इथेनॉलमध्ये झिंक क्लोराईड घालून ऑक्साइड खाली बसवतो, गाळून टाकतो.