पन्नास लक्सचा प्रश्न

आमच्या संग्रहालयात सध्या भोसलेकालीन नागपूरवर विशेष प्रदर्शन सुरू आहे. 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईपासून 1854 मध्ये राज्य खालसा होईपर्यंतचा काळ त्यात मांडला आहे. तिसऱ्या रघूजींच्या निधनानंतर राणी बाकाबाईंचा विरोध डावलून इंग्रजांनी राज्य घेतले आणि राजवाड्यातील जडजवाहीर, हत्ती-घोडे लिलावात निघाले, ही सल नागपूरकरांच्या मनात अजून आहे. त्यामुळे या प्रदर्शनाला येणारा माणूस पाहुण्यासारखा येत नाही, तो आपली वस्तू पाहायला येतो.

वस्तू ठीक राहतील हे पाहणे माझे काम. उजेडाने झालेली हानी भरून येत नाही आणि ती साचत जाते, म्हणून रंगवलेले कापड पन्नास लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) जास्त उजेडात ठेवायचे नाही, हा जगभरचा संकेत आम्ही पाळतो. लक्समीटर मी रोज काचपेटीत ठेवून पाहते. तो आकडा सांभाळला जातो, याचा मला अभिमान आहे.

मेच्या दुपारी शहराच्या महाल भागातून एक वयोवृद्ध गृहस्थ आले. वडिलांनी त्यांना लहानपणी मोडी शिकवली होती आणि इनामगावाच्या वादाचे एक पत्र त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचे होते. शेजारच्या फलकावर देवनागरी लिप्यंतर होते, पण त्यांनी तिकडे पाहिले नाही. काचेवर कपाळ टेकवून ते बराच वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, “काहीच दिसून नाही राहिलं, ताई. आमचेच कागद, अन् आम्हालेच अंधारात.”

बाहेरच्या उन्हात उजेड एक लाख लक्सच्या घरात असतो आणि आमचे दालन थेट व्हरांड्याला लागून उघडते. डोळे सरावण्यासाठी मधे मंद उजेडाची जागा हवी, हे मांडणी करणाऱ्या कंत्राटदाराला नकाशे आले तेव्हाच सांगितले होते, परंतु तिथे प्रायोजकांचा फलक आला. मी काकांना आत खुर्चीवर बसवले. पंधरा मिनिटांनी डोळे सरावले, तरी अक्षर लागेना. पन्नास लक्सचा आकडा धडधाकट नजर गृहीत धरून ठरला आहे, तर उतारवयात तेवढेच दिसायला कितीतरी जास्त उजेड लागतो.

खरे दुखणे मात्र निराळे होते. ते पत्र बोरूने, काजळीच्या शाईने, चिंध्यांपासून केलेल्या हातकागदावर लिहिलेले आहे. काजळीची शाई उजेडाने उडत नाही. एवढा अंधार हवा होता तो त्याच काचपेटीत ठेवलेल्या कुसुंबी रंगाच्या जरीच्या शेल्याला, कारण कुसुंबा, म्हणजे करडईच्या फुलांचा रंग, उजेडाला फार लवकर फिका पडतो. कागद आणि कापड एकत्र ठेवले की सर्वांत नाजूक वस्तूचा नियम सगळ्यांना लागू होतो. “एकत्र छान दिसतं” यापलीकडे त्या शेजाराला कारण नव्हते.

दालन बंद झाल्यावर अभिरक्षकांची लेखी परवानगी घेऊन मी पत्र बाहेर काढले, कार्यशाळेत साध्या पाठपुठ्ठ्यावर ठेवले आणि दोनशे लक्सचा दिवा लावला. पंधरा मिनिटे दोनशे लक्स म्हणजे पन्नास लक्सचा एक तास, प्रदर्शनातल्या एका दिवसाच्या उजेडाचा लहानसा हिस्सा. काकांनी कागदाला हात लावला नाही. बोट अधांतरी धरून, ओळ न सोडता, ते वाचत गेले. लिप्यंतरात जिथे आम्ही ‘अवाच्य’ म्हणून टिंबे दिली होती, तिथे गावच्या नाल्याचे नाव होते. त्यांच्या शेताजवळून वाहणारा तो नाला त्यांना माहीत होता, म्हणून अक्षर लागले. तज्ज्ञांनी नंतर पडताळून ते मान्य केले आणि फलक सुधारला.

ते समाधानाने गेले, पण माझ्या मनातून प्रसंग जात नाही. ज्यांनी तक्रार केली नाही, आत येऊन दोन मिनिटांत अंधाराला कंटाळून परतले, अशा वृद्धांसाठी मी दिवा लावला नाही. आणि काचपेटीतच प्रत्येकासाठी लावला तर तो शेला पुढच्या पिढीला कुसुंबी दिसणार नाही. दोन्ही बाजू मला तितक्याच खऱ्या वाटतात.

पत्र आणि शेला वेगळ्या काचपेट्यांत ठेवावेत, पत्राच्या पेटीवर दर्शकाने बटण दाबले तरच मिनिटभर वाढणारा दिवा बसवावा आणि व्हरांड्याच्या दाराला जाड पडदा लावावा, असा प्रस्ताव मी दिला आहे. आराखडा आता बदलता येणार नाही, असे कंत्राटदाराचे म्हणणे आहे. पडदा मात्र आम्ही आमचाच शिवून घेतला आणि सोमवारी लावला.