तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाइल असताना एवढे स्पीकर कशाला?

गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी जो येतो, तो हॉलमधले स्पीकर बघून हे विचारतोच. "ताई, गाणी मोबाइलवर ऐकू येतातच की!" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर नुसतं बोलून पटत नाही, तरी तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

तंबोऱ्यापासून सुरुवात करू. गायकाचा षड्ज म्हणजे 'सा' काळी एक (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) असेल, तर तंबोऱ्याची सर्वांत खालच्या सुराची, खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 69 कंपनांवर बोलते. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा. इतक्या खालच्या सुराला जेवढी हवा हलवावी लागते, तेवढी त्याला हलवताच येत नाही. तंबोरा ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण वरचे स्वर ऐकून मेंदू खालचा स्वर भरून काढतो. डग्ग्याचा घुमारा मात्र जातोच. मग गाणं कळतं, पण अंगाला लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू डबा परत द्यायला आल्या. पंचवटीत वाढलेल्या, लहानपणी रेडिओवर बापूराव पलुस्कर ऐकलेल्या. हे शास्त्रीय गायक बापूराव आपल्या नाशिकचेच, 1921 चा जन्म. ते 1955 मध्ये गेले आणि स्टिरिओ तबकड्या, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला वेगळा आवाज देणाऱ्या, बाजारात आल्या 1958 मध्ये. म्हणजे त्यांचं गाणं एकाच चॅनेलवर मुद्रित झालेलं. स्पीकर नीट लावलेले असले की असा आवाज दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधून येतो. मी काकूंना सोफ्याच्या मध्यावर बसवलं आणि बापूरावांचं एक भजन लावलं. जुन्या तबकडीची खरखर होती, तरी दोन ओळी होईस्तोवर काकूंचा हात मांडीवर ताल धरू लागला. मग त्या उठल्या, दोन स्पीकरांच्या मधल्या मोकळ्या भिंतीपाशी गेल्या आणि तिला हात लावून बघितला. "अगं, आवाज तर इथून येतोय. इथे काहीच नाही!"

त्या दिवसापासून मला वाटतं, चांगला आवाज घरोघरी पोचवायचा तर माणसाला त्याचं पाठ असलेलं गाणं ऐकवावं. यंत्राची माहिती नंतर.

दुकानांत नेमकं उलटं होतं. आमच्या पहिल्या खरेदीला एका दुकानात विक्रेता सगळा वेळ ह्यांच्याशीच बोलत होता, वॅट आणि केबल. घरात गाणी ऐकते मी. "तुम्ही काय ऐकता?" असं मला कुणी विचारलं नाही, याचा आजही राग येतो. अशाने निम्मी गिऱ्हाइकं दारातूनच परत जातात. आणि ते वॅट तरी काय? डेसिबल हे आवाजाच्या जोराचं माप; 50 चे 100 वॅट केले तर 3 डेसिबल वाढतात. आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 लागतात. आपल्या हॉलला छोटा अ‍ॅम्प्लिफायर पुरतो.

खरी मेहनत खोलीवर घ्यावी लागते, आणि तिला फारसे पैसे पडत नाहीत. आपल्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत फरशी, मोठ्या काचा. टाळी वाजवा, हॉल खणखणतो. सतरंजी अंथरा, जाड पडदे लावा. स्पीकर शोकेसमधून बाहेर काढा, कोपऱ्यातही ठेवू नका, तिथे खर्ज फुगून गढूळ होतो. उंच स्वरांचा छोटा स्पीकर बसल्यावर कानाच्या उंचीला यावा. दोन स्पीकर आणि तुम्ही, तिघांमध्ये सारखं अंतर राहू द्या. एवढं केलं की साधी जोडीसुद्धा मोकळी गाते. आधी हे करा, मग महागाचं बघू.

काकू दुसऱ्या दिवशी जाऊबाईंना घेऊन आल्या, तिसऱ्या दिवशी नातवाला. त्याने त्याचं रॅप लावलं, तेही उत्तम वाजलं. किंमत त्यांनी चौथ्या दिवशी विचारली, आणि त्याच्या आधी हे विचारलं: "आमच्या हॉलमध्ये देव्हाऱ्याच्या कुठल्या बाजूला ठेवू?"