गोड गोळ्या चालतील, पण आधी सीबीसी

आमच्या थोरल्या जाऊबाईंना होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत काय काय विचारलं ते मला तोंडपाठ आहे, इतक्यांदा त्यांनी ते सांगितलंय. गरम सोसतं की गार? तहान किती लागते? स्वप्नात काय दिसतं? रडू आलं तर कुणी समजूत काढलेली आवडते की राग येतो? "राग येतो म्हटलं, तर त्यांनी ते लिहून घेतलं गं! आमच्या ह्यांनी एवढ्या वर्षांत कधी विचारलं नाही."

त्याआधी ज्या दवाखान्यात गेलो होतो तिथे पाच मिनिटांत निकाल लागला होता. वय पंचेचाळीस, दोन मुलं झालीत, अंगावरून जास्त जातंय, गाठी पडताहेत, मग पिशवी काढून टाका. ताई तिथून उठल्या त्या थेट गोड गोळ्यांकडे. मला त्यांचं नवल वाटलं नाही. मी कराडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. हंगामात बीडकडून ऊसतोडीला आलेल्या बायका आमच्याकडे येतात. बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर तोडणी कामगार बायकांची सरकारी पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली, हे २०१९ साली पेपरात आलं होतं. पिशवीचं नाव काढल्यावर बाई पळते, त्यामागे हे सगळं असतं.

म्हणून होमिओपॅथीला मी नाही म्हणाले नाही. ताईंचं रक्त तेवढं सीबीसीसाठी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीसाठी, काढून घेतलं. जांभळ्या टोपणाची बाटली, दोन मिलिलिटर. मशीनने हिमोग्लोबिन दाखवलं ७.१. बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात आणि ८ च्या खाली तीव्र. पेशीही लहान आणि फिकट, म्हणजे लोह कधीचंच संपलेलं. ताई जिना चढताना मध्ये थांबायच्या ते "वयोमानानुसार" नव्हतं. एक चांगलं झालं. त्या होमिओपॅथ डॉक्टरांनीही कागदावर सीबीसी, थायरॉइड आणि सोनोग्राफी लिहून दिली होती. असा माणूस भेटला की निम्मं काम होतं. "कुठल्या तपासण्या नकोत, पॅथीवर विश्वास ठेवा," म्हणणारेही मी पाहिलेत.

आता माझं स्पष्ट मत. विडाल टेस्टमध्ये, म्हणजे टायफॉइडच्या तपासणीत, आम्ही रुग्णाचं सिरम (रक्तातलं पाणी) पातळ करत नेतो: वीस पट, चाळीस, ऐंशी, एकशेसाठ. एका नळीनंतर गुठळी धरणं थांबतं, कारण धरायला तिथे पुरेसं काही उरलेलं नसतं. होमिओपॅथीत दोनशे पोटेन्सी म्हणजे शंभर पट पातळ करणं दोनशे वेळा. बाराव्या पायरीलाच मूळ पदार्थाचा एखादा रेणू सापडणं दुरापास्त होतं. साबिना, ट्रिलियम, अशक्तपणाला चायना (ताईंना वाटलं चीनहून येतं, ते सिंकोनाच्या सालीपासून करतात), नावं काहीही असोत. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ साली सगळे अभ्यास चाळून सांगितलं की होमिओपॅथी परिणामकारक आहे असा भरवशाचा पुरावा एकाही आजारात नाही. मदर टिंक्चरची, म्हणजे पातळ करण्याआधीच्या मूळ अर्काची, गोष्ट वेगळी. त्यात वनस्पतीचा अर्क आणि अल्कोहोल खरोखर असतं, म्हणून ते घेत असाल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगायचंच.

आणि फेरम फॉस, लोहापासून केलेलं होमिओपॅथीचं औषध. "ह्यात लोह आहे ना?" ताईंनी विचारलं. मी पाकिटाच्या मागे हिशेब मांडून दाखवला. निरोगी रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. ऐंशी मिलिलिटर गेलं की चाळीस मिलिग्रॅम गेलं. ताईंचं त्याहून कितीतरी जास्त जात होतं. ६एक्सच्या (दहा पट पातळ करणं सहा वेळा) शंभर मिलिग्रॅमच्या गोळीत औषध किती? दहा लाखांत एक भाग, म्हणजे ०.०००१ मिलिग्रॅम. भरपाई कशी व्हायची?

"मग मागल्या महिन्यात कमी कसं गेलं?" हा त्यांचा हुकमी प्रश्न. पाळी जायच्या वयात दर महिन्याला बीज सुटत नाही. सुटलं नाही की अस्तर वाढत राहतं, पाळी लांबते आणि मग धो धो जाते. पुढच्या खेपेस बीज सुटलं तर पाळी आपसूक बेताची येते. बाई औषधाला जाते ती वाईटातल्या वाईट महिन्यानंतर, मग त्यानंतर जे घेतलं त्याला श्रेय. कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

सोनोग्राफीत गर्भाशयाच्या भिंतीत फायब्रॉइड (मांसल गाठ) निघाला, आतल्या पोकळीला धक्का न लावणारा. दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी आधी अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, पंचेचाळिशीनंतर ते करतातच. तो व्यवस्थित आला. सलाईनमधून आयर्न सुक्रोज म्हणजे लोह, पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (पूर्वी शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर ते चालत नाही) आणि नंतर गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉइल. पहिले काही महिने ठिपके दिसतात, मग रक्तस्राव बराच घटतो. पिशवी जागेवर आहे. पहिल्या दवाखान्यात ह्यातलं एक अक्षर निघालं नव्हतं, ह्याचा मला गोळ्यांपेक्षा जास्त राग आहे.

ताईंच्या गोळ्या अजून चालू आहेत. झाकणात चार, हात न लावता जिभेखाली. कच्चा कांदा आणि कॉफी बंद. त्या डॉक्टरांशी अर्धा तास बोलून आल्या की त्यांना झोप चांगली लागते, हे मी बघितलंय. त्यासाठी पैसे मोडले तर मोडले. लोहाची गोळी मात्र चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर, यावरून आमचं रोज वाजतं.

आता प्रश्न पुतणीचा आहे. चौदा वर्षांची, पहिल्या पाळीपासून तासा-दोन तासाला पॅड बदलते आणि लहानपणापासून नाकातून रक्त येतं. ताई तिलाही त्याच डॉक्टरांकडे न्यायच्या तयारीत होत्या. मी म्हटलं, "ताई, न्या, पण आधी तिचं रक्त गोठतं कसं ते बघू द्या." ह्या वयात इतकं जात असेल तर वॉन विलब्रँडसारखा रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात दोष असू शकतो, आणि तसं असेल तर दात काढतानासुद्धा आधी सांगावं लागतं. ती तपासणी आमच्याकडे होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागेल. तोवर डोकं दुखलं तरी तिला ॲस्पिरिन द्यायची नाही, एवढं घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय.