सात दिवसांचं मीटर, चौसष्ट दिवस

६ फेब्रुवारी २०२५ ला मी अर्ज केला आणि ११ एप्रिलला मीटर बसलं. चौसष्ट दिवस. इलेक्ट्रिक गाडीसाठी वेगळं वीजमीटर घेतलेलं बरं, हे गाडी घेताना मला कुणीच सांगितलं नव्हतं. शोरूममध्ये रंग सांगतात, हप्ता सांगतात, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते ते तर दहादा सांगतात. घरच्या वीजबिलाचं काय होणार, हा विषय कुणी काढत नाही. म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय.

आम्ही परभणीचे. मी जिंतूरला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. रोजचं अप-डाऊन, जाऊन-येऊन ८४ किलोमीटर. यांचं मोंढ्यात कृषी सेवा केंद्र आहे. घरात २०१३ ची पेट्रोलवरची वॅगन आर होती आणि ती बहुतेक मीच वापरायचे. परभणीचं पेट्रोल महाराष्ट्रात सगळ्यात महागांपैकी, हे आता सगळ्यांना पाठ आहे. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकर इथवर यायचे, त्या वाहतुकीचे पैसे आपल्याच खिशातून जातात. तेव्हाचे लिटरला एकशे सहा रुपये आणि गाडीला सोळाचं ॲव्हरेज धरा. महिन्याला चोवीस दिवस कॉलेज, म्हणजे दोन हजार किलोमीटर आणि तेरा हजारांच्या वर पेट्रोल. पगारातले तेरा हजार दर महिन्याला जिंतूर रोडवर जाळायचे, हे मला फार लागायचं.

जानेवारीत टियागो ईव्ही घेतली, २४ युनिट बॅटरीची. कर्ज, नोंदणी, एमएच २२ ची हिरवी पाटी, सगळं आठ दिवसांत झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. वॅगन आर विकली नाही, ते का ते पुढं सांगते.

पहिला महिना आनंदात गेला. पोर्चमध्ये १५ अँपिअरचा सॉकेट होता, त्यालाच गाडी लावायचे. रात्री लावली की पहाटेपर्यंत रोजच्या जाण्यायेण्यापुरती सहज भरायची. आधीच सांगते, साठ-ऐंशी किलोमीटरच्या अप-डाऊनला भिंतीवरचा मोठा ७.२ किलोवॅटचा चार्जर लागत नाही. साधा १५ अँपिअरचा सॉकेट तासाला तीन युनिट देतो, चार-पाच तासांत दिवसाचं भागतं. मोठ्या चार्जरला लोड जास्त मागावा लागतो, वायर जाड लागते, खर्च वाढतो. मी घेतला नाही आणि एकदाही अडलं नाही.

मग बिल आलं. आमचं बिल एरवी दोन हजारांच्या आसपास असायचं. या वेळी सात हजारांच्या वर. मीटर बिघडलं असेल असंच मला आधी वाटलं. आकडे मांडत बसल्यावर कळलं. घरगुती विजेचे टप्पे आहेत: शंभर युनिटपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा आणि पाचशेच्या वर चौथा. घराचे आमचे १९० युनिट. त्यावर गाडीचे तीनशेच्या वर. गाडीचं सगळं युनिट वरच्या टप्प्यांत जाऊन बसलं आणि कर-आकार धरून सतरा रुपयांच्या आसपास पडलं. पेट्रोलपेक्षा तरीही स्वस्तच, पण जी बचत डोळ्यासमोर धरून कर्ज काढलं तिचा मोठा लचका तिथंच गेला.

महाराष्ट्रात इलेक्ट्रिक वाहनांच्या चार्जिंगसाठी विजेचा वेगळा दर आहे आणि त्याला असे टप्पे नाहीत. वेगळं कनेक्शन घेतलं की गाडीची वीज घराच्या विजेत मिसळत नाही. शिवाय केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. त्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. ग्राहकाला गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र वीजजोडणी मागता येते. आणि नवीन जोडणी महानगरांत तीन दिवसांत, नगरपालिका-महापालिका हद्दीत सात दिवसांत, ग्रामीण भागात पंधरा दिवसांत मिळाली पाहिजे. परभणीत महापालिका आहे. म्हणजे सात दिवस. हे वाचून मी खुशीत अर्ज भरला. त्या खुशीची आठवण झाली की अजून राग येतो.

पहिल्या दिवशी महावितरणच्या कार्यालयात खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "एका घरात दोन मीटर कसे देता येतील मॅडम?" मी म्हटलं, गाडीसाठी आहे. ते म्हणाले, "मग कमर्शियल घ्या." मी गाडी भाड्यानं देत नाही, दुकान चालवत नाही, मग व्यापारी दर का भरू? त्यांनी शेजारच्या टेबलाकडं पाहिलं, शेजारच्या टेबलानं मान हलवली. "असं मीटर आपल्याकडं कुणी घेतलेलं नाही." हेच त्यांचं कारण. आजवर कुणी मागितलं नाही, म्हणून मिळत नाही.

दुसऱ्या खेपेला अडचण निघाली नावाची. घरचं मीटर आमच्या सासऱ्यांच्या नावावर आहे. आप्पा २०१७ मध्ये गेले. "आधी मयताचं नाव काढा, मग पुढचं बघू." घरी येऊन आईंना सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बिलावर तेवढं एक नाव राहिलंय त्यांचं. ते बी काढायलाव का?" दर महिन्याला बिल आलं की आई ते आधी हातात घेतात, नाव वाचतात आणि मगच आमच्याकडं देतात. आठ वर्षं मी हे बघत होते आणि त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

तरीही आम्ही कागद जमवले. सगळ्या वारसांची संमती हवी म्हणाले. नणंद पुण्याला असते, तिनं पाचशेच्या स्टॅम्पवर संमतिपत्र करून कुरिअरनं पाठवलं. तिसऱ्या खेपेला ते नेलं तर कुणी उघडूनही पाहिलं नाही. आता घरपट्टीची चालू वर्षाची पावती हवी होती. चौथ्या खेपेला पावती नेली, तर परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट हवा होता. पाचव्या खेपेला साहेब साईटवर गेलेले. एका फेरीत एक कागद! सगळे कागद पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून द्यायला काय हरकत होती? मी दरवेळी दुपारचे तास दुसऱ्यांना देऊन जिंतूरहून यायचे. मुलांचे तास मी खिडकीसमोर उभी राहून घालवत होते.

मार्च उजाडला आणि कार्यालय रिकामं झालं. सगळे वसुलीला. लाइनमनपासून इंजिनिअरपर्यंत कुणी जागेवर नाही. ऑनलाइन अर्जाची स्थिती रोज बघायचे, रोज तेच: 'प्रलंबित'. हे म्हणाले, "एजंटाला दे, हजार-दोन हजारांत करून आणतो." मी नाही म्हटलं. नियमानं मिळतं ते मी पैसे देऊन का घेऊ? त्यावरून आमच्यात दोन दिवस अबोला झाला. आज मला वाटतं, मी नाही म्हटलं तेच बरोबर.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी एक अर्ज लिहिला. साधा, दीड पानाचा. अर्ज क्रमांक, तारीख, किती वेळा आले, प्रत्येक वेळी कुठला कागद मागितला, सगळं ओळीनं. सोबत २०२४ च्या दुरुस्तीची प्रत जोडली. शेवटी एवढंच विचारलं: ही जोडणी देता येत नसेल तर कुठल्या नियमानं देता येत नाही, ते लेखी कळवा, म्हणजे मला ग्राहक तक्रार निवारण मंचाकडं जाता येईल. दोन प्रती काढल्या. आवक टेबलावर गेले आणि माझ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलले नाही. "साहेबांना दाखवून मग शिक्का देतो," म्हणाले. मी म्हटलं, मी बसते. पाऊण तास बसले. शिक्का मिळाला.

तिसऱ्या दिवशी मला फोन आला. साहेब स्वतः बोलत होते आणि चांगले बोलत होते. त्यांनी कागद पाहून सांगितलं की नवीन जोडणीला जुन्या मीटरवरचं नाव बदलायची गरजच नाही. घरपट्टी आईंच्या नावावर झालेली आहे, अर्ज यांच्या नावानं आहे, आईंचं नाहरकत पत्र दिलं की पुरे. म्हणजे नणंदेचा स्टॅम्प, कुरिअर, आईंचं ते दुखणं, सगळं विनाकारण. मी फोनवर त्यांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं हे पहिलंच प्रकरण आहे, मुलांना माहीत नव्हतं." माहीत नसेल तर विचारायचं होतं. त्याच खोलीत वीस पावलांवर साहेब बसतात.

कोटेशन आलं, भरलं, ११ एप्रिलला दोन वायरमन आले आणि तासाभरात चार किलोवॅटचं मीटर बसवून गेले. आप्पांचं नाव घरच्या बिलावर अजून आहे.

तर सगळ्यात आधी हे करा: गाडी बुक करायच्या आधी मीटरचा अर्ज टाका. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. प्रत्येक कागदाची पोच घ्या. आणि मार्चमध्ये चुकूनही जाऊ नका.

मीटर बसल्यावर आणखी एक अडचण आली, ती मात्र आपल्या मातीची. गाडी लावली की चार्जरवर लाल दिवा. सॉकेट नवा, वायर नवी, दिवा लालच. वायरमननं व्होल्टमीटर लावून पाहिलं आणि म्हणाला, अर्थिंग गेलं. पोर्चमागं जुना अर्थिंगचा खड्डा होता. आपली काळी माती एप्रिलमध्ये सुकते, हातभर भेगा पडतात, मग जमिनीतली पट्टी आणि माती यांचा धड संपर्कच राहत नाही. टीव्ही-फ्रीजला त्यानं काही अडत नाही, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. गाडीचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि ते नीट नसेल तर वीज घेतच नाही. ते बरंच आहे, त्यात आपलाच जीव वाचतो. नवा खड्डा खणून घेतला, कोळसा-मीठ भरलं, वर पाइप सोडला. उन्हाळ्यात दर चार दिवसांनी त्यात बादलीभर पाणी टाकते. कपडे धुतल्यावर खळबळलेलं शेवटचं पाणी चालतं, नळाचं घालवायची गरज नाही.

व्होल्टेजचंही बघा. संध्याकाळी सगळ्यांचे कूलर चालू असताना आमच्या डीपीवर व्होल्टेज एवढं पडतं की चार्जिंग मध्येच थांबतं. मी रात्री अकराच्या पुढं लावते. मे महिन्यात जिंतूरहून आल्या आल्या लावत नाही, बॅटरी तापलेली असते. चव्वेचाळीस अंशांत एसी लावून आलेली गाडी तासभर सावलीत उभी राहू द्यावी. हिवाळ्यात जेवढी जाते त्याहून मे महिन्यात थोडी कमीच जाते, ते धरून चाला.

आता वॅगन आर. ती ठेवली कारण यांना गावोगाव जावं लागतं, पावसाळ्यात शिवारातले रस्ते तुम्हाला माहीत आहेत, आणि पुण्याला नणंदेकडं जायचं तर चारशे किलोमीटर. एकदा मी टियागो घेऊन छत्रपती संभाजीनगरला गेले, साधारण दोनशे किलोमीटर. जालन्यात थांबून चार्ज करायचं ठरलं होतं. ॲपवर चार्जर चालू दिसत होता, प्रत्यक्षात बंद. दुसरा मिळेपर्यंत बॅटरी अठरा टक्क्यांवर आली आणि सोबत आई होत्या. पोचलो, पण ते अठरा टक्के मी विसरणार नाही. तेव्हापासून लांबचा प्रवास पेट्रोलवर आणि रोजचा विजेवर, असं घरात ठरून गेलंय.

पण उभी गाडीही सांभाळावी लागते. मार्च-एप्रिलमध्ये वॅगन आर तीन आठवडे हलली नाही, तर बॅटरी उतरली आणि बॉनेटखाली उंदरांनी वायर कुरतडली. आता दर रविवारी मी ती वसमत रोडला दहा-बारा किलोमीटर फिरवून आणते. नुसती जागेवर चालू करून ठेवली तर उपयोग होत नाही. टाकी अर्धी ठेवते. तिची पीयूसी काढावीच लागते, नव्या गाडीला ती लागत नाही, त्यामुळं जुनीची तारीख ध्यानात राहत नाही. कॅलेंडरवर लिहून ठेवा. विमा दोन्हींचा भरावा लागतो, तो खर्चही हिशेबात घ्या.

हिशेब असा. वेगळ्या मीटरवर स्थिर आकार धरून मला युनिट नऊ रुपयांच्या आसपास पडतं. भिंतीतून घेतलेल्या एका युनिटात गाडी साडेसहा किलोमीटर जाते. दोन हजार किलोमीटरला तीन हजारांच्या आत. पूर्वी तेरा हजार लागत होते.

परवा मोंढ्यातले यांच्या ओळखीचे एक जण माझ्या अर्जाची झेरॉक्स मागून घेऊन गेले. त्यांनी ऑनलाइन अर्जासोबतच सगळे कागद जोडले आणि त्याच दिवशी आवक क्रमांक घेतला. आज चौथा दिवस आहे. सातव्या दिवशी मी त्यांना फोन करणार आहे.