टोपीवाला ओ

जुन्या पुस्तकांच्या स्कॅनमधला मजकूर तपासायचं काम मी पुण्यात घरून करते. मशीनने अक्षर चुकीचं वाचलं असेल तर सुधारायचं, पान ओके करायचं, पुढचं घ्यायचं. पैसे पानामागे, त्यामुळे हात भराभर चालतो.

त्या मंगळवारी आलेलं पुस्तक 1884 सालचं, कॅनडातल्या क्वेबेकमध्ये छापलेलं. अबेनाकी, म्हणजे तिथल्या एका आदिवासी जमातीची भाषा, आणि इंग्रजी यांतले संवाद. लेखक जोसेफ लॉरेंट, सेंट फ्रान्सिस म्हणजे आजच्या ओडानाक गावचे प्रमुख. बऱ्याच ‘ओ’च्या डोक्यावर टोपी होती (ô), मशीनने तो कुठे सहा, कुठे साधा ओ असा वाचलेला. मी ‘सगळे बदला’ दाबलं, सरसकट साधा ओ केला आणि दुपारपर्यंत 80 पानं हातावेगळी केली.

जेवताना प्रस्तावना चाळली. एरवी मी वाचत नाही. लॉरेंट म्हणतात, मुख्य हेतू जमातीच्या तरुणांना इंग्रजी शिकायला मदत व्हावी हा; शिवाय आपल्या भाषेत हळूहळू होणारे फेरफार थांबावेत. पुढे वर्णमाला. टोपीवाला ओ हे स्वतंत्र अक्षर, नाकातून उच्चारायचं.

घास तसाच राहिला. आपल्याकडे 1962 मध्ये न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, तरी माझी मालवणची आजी शेवटपर्यंत नाकातच बोलली. इथे तर माणसाने अक्षरच दिलं होतं, आणि मी ते पुसलं होतं.

मग जरा सावकाश वाचत गेले. इंग्रजीच्या एका ‘वुई’साठी अबेनाकीत दोन शब्द: ‘नियुना’ म्हणजे आम्ही, ‘कियुना’ म्हणजे आपण. इंग्रजांना हे समजावून सांगावं लागतं. मला एका ओळीत कळलं. ओडानाकला 2011 मध्ये सुरू झालेल्या आदिवासी मुलांच्या कॉलेजचं नावही कियुनाच. हेच लॉरेंट 1884 पासून उन्हाळ्यात न्यू हॅम्पशायरमधल्या इंटरव्हेलला तळ टाकून टोपल्या विकायचे. त्यांच्या मुलाने, स्टीफनने, एका फ्रेंच पाद्र्याचा 1715 चा हस्तलिखित अबेनाकी कोश इंग्रजीत आणला; तो छापून आला 1995 मध्ये.

मॅडमना फोन करून चूक सांगितली. “एवढं कोण बघतंय?” म्हणाल्या, पण दोन दिवस वाढवून दिले. पैसे नाहीत.

रात्री ओडानाकची हल्लीची कागदपत्रं पाहिली. जमातीच्या नावातल्या त्या अक्षराच्या जागी ते लोक चक्क आठचा आकडा लिहितात. मशीनचा सहा माझ्यापेक्षा बराच जवळ पोचला होता.